खिडकीखालचा श्रोता

एकोणीसशे सत्तावन्न साली फ्लूची साथ आली आणि नेमकी तेव्हाच बाभुळगावच्या नथ्थूजींची विमल यवतमाळच्या कॉलेजात दाखल झाली. "पोरीले तिथं ताप आला तं कोन पाहीन?" म्हणत नथ्थूजी गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून रोज तिच्यासोबत मोटारीने जायचे आणि वर्गाच्या खिडकीखाली बसायचे.

जन्मभर कीर्तनं ऐकलेला माणूस! इतिहासाचे प्राध्यापक एखादा मुद्दा संपवून दम घ्यायला थांबले, की खिडकीतून आपसूक यायचं, "विठ्ठल, विठ्ठल!" वर्ग खो खो हसायचा. विमल मात्र वहीआड तोंड लपवायची.

"बाबा, ते का कीर्तन हाय? पोरं मले बुवाची पोरगी म्हनतेत. उद्या तुमी आले तं मी कॉलेजच सोडून देईन!"

"थो बिचारा येवढा घसा कोरडा करते, अन् कोनी साद बी देऊ नाही? बरं दिसते काय?" नथ्थूजी पुटपुटले. पण लेकीचं शिक्षण सुटू नये म्हणून दुसऱ्या दिवशी घरीच राहिले. पुरचुंडी तेवढी तिच्या गळ्यात बांधली.

त्या दिवशी प्राध्यापकांनी पानिपत रंगवून संपवलं, थांबले आणि सवयीने खिडकीकडे पाहू लागले. खिडकी रिकामी. त्यांचा चेहरा एवढासा झाला.



तेवढ्यात मुलींच्या बाकावरून, कापराच्या वासासकट, एक बारीक आवाज आला, "विठ्ठल, विठ्ठल!"