शेंडीवाली

बाळ रडलं म्हणून प्रणाली खुराड्याचं दार उघडंच टाकून आत धावली आणि मुंगसाने डाव साधला. माहेरून आणलेली शेवटची शेंडीवाली कोंबडी गेली. तिच्याखालची नऊ अंडी मात्र अजून कोमट होती.

ती ओढणीत घेऊन प्रणाली शेजारच्या हौसाकाकूंकडे पळाली. "काकू, बारा दिवसांची आहेत. गार पडतील हो!"

काकूंनी आपल्या खुडूक कोंबडीखाली कालच ठेवलेली अंडी भराभर उचलली. "ह्यांची पोळी करू. ठेव तुझी."

कोंबडीने एकेक अंडं पोटाखाली ओढलं. तिच्या डोक्यावर तीच शेंडी होती.

"ओळखलीस? गेल्या साली तू दिलेल्या अंड्यांतली ही."

पहिली अंडी शेजारी द्यायची, असं आईने बजावलं होतं.

"काकू, ह्यातली पहिली पिल्लं तुमची."

"बरं बरं. आधी घरी जा, बाळ रडतंय. इथलं दार मी लावते."