कडेची ओळ

धाकटीने तुतीचं पान नाकाशी नेलं. वास नव्हता. तरीही तिला संशय आला.

पानावर पांढुरके ठिपके वाळले होते. कुंपणापलीकडे थोरल्या जाऊबाईंचा कोबी तसल्याच ठिपक्यांनी भरला होता. खांबाला लाल फडकं मात्र नव्हतं. दोघींचं ठरलेलं होतं: थोरलीने फवारलं की फडकं बांधायचं, आणि ते सुटेपर्यंत धाकटीने कडेच्या ओळीतला पाला तोडायचा नाही. मागच्या खेपेला फडकं बांधायचं राहिलं आणि धाकटीचे सगळे रेशीमकिडे दोन दिवसांत गेले. “विसरले गं,” थोरली म्हणाली होती. त्या विसरण्याबद्दल धाकटीचं स्वतःचं मत होतं. ते तिने आजवर मनातच ठेवलं होतं.

“जाऊबाई, काल काय मारलंत?”

थोरली कोबीच्या ओळीत उकिडवी बसली होती. तोंडाला रुमाल नाही, हातात मोजे नाहीत. ती हसत हसत उठली.

“विचारशील म्हणूनच वाट बघत होते. औषध नाहीच ते. जंतू आहेत, मातीतले. पाकिटात झोपलेले असतात.”

“फडकं कुठंय?”

“भांडी पुसायला घेतलं. आता लागायचं नाही.”

पहाटे दवात धाकटीने याच ओळीतला पाला कापला होता. तेव्हा ठिपके दिसले नव्हते. पहिल्या मांडणीवरच्या किड्यांना तो घालून सहा तास झाले होते.

“अशी काय बघतेस? सुनेकडे बघतात तशी,” थोरली म्हणाली. तिने पंपाच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. “हे बघ.”

“तुमच्या जिभेचं सांगू नका. तिला काय होणार आहे?”

“लाव, लाव टोमणे. तुझ्यासाठी पायपीट केली मी. दुकानदाराला तीनदा विचारलं, शेजारी तुती आहे, उडालं तर? म्हणाला, वहिनी, तुतीच्या पानाला धक्का लागायचा नाही.”

“तुतीचं विचारलंत?”

“तीनदा. माणसाला काही नाही, गाईला नाही, मधमाशीला नाही, गांडुळाला नाही. मला वाटलं, चला, आता तरी ही माझ्याकडे सरळ तोंडाने बघेल.”

“मग मरतं कोण?”

“अळ्या. दुसरं कोणी नाही. त्यासुद्धा लगेच नाही हं. आधी खाणं सोडतात. पान पोटात गेलं की आतड्यात...” थोरलीने कोबीचं एक पान उलटून दाखवलं. त्यावर हिरवी अळी होती, जिवंत, टवटवीत. तिच्या पुढ्यातलं पान सकाळपासून जसंच्या तसं होतं. “आता ही फक्त...”

तिने पान सोडून दिलं.

धाकटी टोपली तिथेच टाकून निघाली. तिच्या मागे, साडीचा ओचा तारेला अडकून फाटला तरी न थांबता, थोरली आली. किड्यांच्या खोलीत ती मागच्या खेपेपासून आली नव्हती. चपला तिने दाराबाहेर काढल्या, न सांगता हात धुतले.

खोलीत सहा मांडण्या होत्या आणि आवाज होता. वर्गातली सगळी मुलं एकदम पेन्सिली चालवताहेत तसा, बारीक, न थांबणारा. चार दिवसांनी किडे कोष विणायला घेणार होते. आता त्यांना खाण्यावाचून दुसरं काम नव्हतं. धाकटी त्यांना पोरी म्हणायची. थोरली त्यावरून तिची चेष्टा करायची, “तुझ्या पोरी जेवल्या का?” म्हणून.

धाकटी शेवटच्या मांडणीपासून चालत आली. पाच मांडण्यांवर कान दिला. पहिलीपाशी येऊन थांबली.

“इथं ऐकू येतंय का तुम्हाला?”

थोरलीने डोकं खाली नेलं. मांडणीवर पांढऱ्या, भरल्या अंगाच्या शेकडो अळ्या होत्या. कोणी मेली नव्हती. पाला हिरवागार होता, अख्खा.

“कात टाकत असतील,” थोरली म्हणाली. “तेव्हा खात नाहीत ना? तूच सांगितलं होतंस.”

“ती टाकून झाली. शेवटची.”

“मग ऊन लागलं असेल.”

“सावलीत आहेत, जाऊबाई.”

धाकटीचा आवाज चढला नव्हता. तिने थोरलीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, काही सापडतंय का ते. मग ती कोपऱ्यातली रिकामी पाटी घेऊन आली आणि मांडणीवरचा पाला काढायला लागली. एकेक पान उचलायचं, त्याला चिकटलेली अळी सोडवायची, पान पाटीत टाकायचं. हात भरभर चालत होते. चेहरा भिंतीकडे होता.

थोरलीने पाचव्या मांडणीवरचं एक कोवळं पान उचललं. ते आतल्या ओळीतलं होतं, स्वच्छ. तरी पदराने दोन्ही बाजूंनी पुसलं. पहिल्या मांडणीवरची एक अळी तिने तळहातावर घेतली. आयुष्यभर असल्या जिवांना तिने दोन बोटांत चिरडलं होतं. ही किती गार आणि मऊ आहे ते तिला पहिल्यांदा कळलं.

तिने पानाची कड अळीच्या तोंडाशी धरली.

“खा गं,” ती म्हणाली. “एवढा एक घास.”

धाकटीचे हात थांबले. दोघी ऐकत राहिल्या.