टाकीचं पाणी

ममताने तोटी बंद केली आणि तिच्यावर आपली ओढणी घट्ट गुंडाळली. रांगेतल्या बायकांच्या हातांत पाण्याचे गुंड रिकामेच राहिले. म्हाताऱ्या बसंतीबाईने तेवढं विचारलं, "काहून बंद केली व?" संध्याकाळी विहारात सगळ्यांना सांगते, असं ममता म्हणाली. तोवर या टाकीचं पाणी कोणी पिऊ नये, घरात भरून ठेवलेलंही ओतून द्यावं. बायका रिकामे गुंड घेऊन पांगल्या.

टाकी तिचीच होती. वणीकडच्या या गावात हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड होतं. त्यानं लेकरांचे दात तपकिरी पडत आणि चाळिशीतल्या माणसांच्या कमरा वाकत. ममताचे दातही तसेच. कॉलेजात ती ओठ मिटून हसायची. पुढे नागपूरच्या प्रयोगशाळेत तिने मातीचे भाजलेले दाणे तयार केले आणि त्यांच्यावर केसाहून हजारो पटींनी बारीक कणांचा थर चढवला. तो थर पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवायचा. पाच वर्षांपूर्वी अशा दाण्यांनी भरलेली टाकी तिने विहारासमोर बसवली. पाणी करंगळीएवढ्या धारेनं यायचं, पण त्यात फ्लोराइड जवळपास नसायचं. अख्खं गाव तिला 'आपली ममता' म्हणू लागलं.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. ममताने सहज म्हणून टाकीच्या पाण्याचा एक थेंब वाळवून त्याच्याखाली ठेवला. पडद्यावर तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी विखुरलेलं दिसलं. तिने ते लगेच ओळखलं. तिचेच कण होते ते. दाण्यांवरचा थर सुटत होता आणि पाण्याबरोबर बाहेर पडत होता. नेहमीच्या तपासणीत ते कधी दिसले नव्हते, कारण नेहमीच्या गाळणकागदातून ते आरामात निसटत होते.

पोटात गेल्यावर ते काय करतात, हे तिने शोधायला घेतलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, उंदरांच्या यकृतात साठतात. दुसरीकडे होतं, जसे जातात तसे निघून जातात. माणसांनी वर्षानुवर्षं ते प्यायले तर काय होतं, हे कोणीच तपासलेलं नव्हतं.

विभागप्रमुख पद्मजा मॅडमनी तिला लपवायला सांगितलं नाही. महिनाभर थांबून पुन्हा तपासू, एवढंच त्या म्हणाल्या. "फ्लोराइडनं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, ममता. कणांनी काय होतं ते माहीत नाही. आज टाकी बंद केलीस तर ती माणसं उद्या त्याच हातपंपावर जातील."

हे खरं होतं. म्हणून ममताने आधी दोन दिवस फोन करकरून गावासाठी वणीहून टँकरची सोय लावली आणि मग एसटीत बसली. खिडकीशी बसून ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तोच हिशेब करत होती. टाकी लहान, गाव मोठं. एकेकाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम पेलाभर पाणी आलं असेल. तेवढ्यातून शरीरात जाणारे कण फारच थोडे. गाव येईपर्यंत तिने तो हिशेब सोडला नाही, कारण धरायला दुसरं काही नव्हतंच.

घरी तिची आई इंदूबाई भिंत धरून उठली. गुडघे पहिल्यासारखेच दुखत होते. इतकी वर्षं चांगलं पाणी पिऊनही दुखणं कमी कसं होत नाही, याचं ममताला दर वेळी नवल वाटायचं. जुनं दुखणं आहे, वेळ लागेल, अशी ती स्वतःचीच समजूत घालायची.

संध्याकाळी विहार भरला. ममताचा मामा उकंडा पुढे बसला होता. त्याची मान वळत नसे, म्हणून तो सगळं अंगच तिच्याकडे वळवून बसला. ममताने काही राखून न ठेवता सांगितलं. कण कसे सुटले, तिने आधीच कसं पाहायला हवं होतं, त्यांनी काय होईल हे अजून जगात कोणालाच कसं ठाऊक नाही. उद्यापासून टँकर येईल, हेही सांगितलं. शेवटी तिने धीर देण्यासाठी आपला हिशेब मांडला.

"पाणी साऱ्या गावात वाटल्या गेलं," ती म्हणाली. "एकेकाच्या पोटात थोडंच गेलं. म्हणून इतकं भ्यायचं कारण नाही."

आता लोक चिडतील, असं समजून ती तशीच उभी राहिली. कोणी चिडलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या. बसंतीबाईने आपली नात पायल हिला ओढून मांडीवर घेतलं आणि घट्ट धरलं. पोरगी बावरून हसली. तिचे समोरचे नवे दात पांढरेशुभ्र होते. एवढे पांढरे दात या गावात ममताने कधी पाहिले नव्हते. एरवी तिला आनंद झाला असता. पण सगळे असे गप्प का, तेच तिला कळेना.

तेवढ्यात भिंतीला हात टेकत इंदूबाई उभी राहिली.

"तुले वाईट वाटंल म्हणून कोणी सांगतलं नाही, बाई," ती हळूच म्हणाली. "आमचे हाडं त गेलेच होते. थ्या टाकीचा एक घोटही आमी मोठ्या मानसायनं पेला नाही. पाच वर्सं सारं पाणी लेकरायलेच पाजलं."