नाल्याकाठचं गवत

लग्नसराई तोंडावर आली आणि लहानूची वरातीची घोडी वाळायला लागली. मुळातच भित्री, त्यात आता त्यानं आणलेलं हिरवंगार गवत हुंगलं, की थरथरत मागं सरकायची. बायकोनं टाकलेलं वाळकं तणीस मात्र मिटक्या मारत खायची. लहानूच्या मनात पाल चुकचुकली.

“काऊन वं, तनसात गूळ मिसळून राह्यली न तू?”

“घरात चायले गूळ नाई,” सत्यशीला फणकारली. “तुमचं गवत कुठचं हाये, ते पाहा अगोदर.”

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो तणतणतच विळा घेऊन जंगलातल्या नेहमीच्या नाल्याकाठी गेला. कापायला वाकला, तर समोरचं गवत दबून आडवं झालेलं, आणि चिखलात वाघाचे पंजे उमटलेले.



त्यानं हात टेकला, तर दबलेलं गवत अजून कोमट होतं.