रक्तात दोष नाही

"मूठ आवळा," संशोधक बाई म्हणाल्या, आणि धाकट्याने मूठ आवळली.

दंडाला रबरी पट्टा, कोपराच्या खळीत सुई. शेजारी त्याची आई, ओठ मुडपून उभी.

"तीन नळ्या?" ती म्हणाली. "सगळंच नेताय की काय? थोडं ठेवा हो घरात."

"मावशी, चमचाभर आहे."

"आमच्याकडे चमचाभरच उरलंय."

ती हसली. धाकटाही हसला. बाईंना हसू आलं नाही. मावशींचा नवरा बेचाळिसाव्या वर्षी गेला होता, थोरला मुलगा एकोणचाळिसाव्या, मधला गेल्या हिवाळ्यात, अडतिसाव्या. तिघेही धाग्याच्या कारखान्यातले, तिघेही हृदय बंद पडून. दारातली चपलांची रांग आखडत आखडत दोन जोडांवर आली होती. वस्तीत या घराला कच्च्या काळजाचं घर म्हणत. धाकटा तिशीत होता आणि सायकली दुरुस्त करत होता.

शहराच्या या टोकाची हृदयं त्या टोकाच्या हृदयांपेक्षा बारा वर्षं आधी का थांबतात, हाच बाईंचा अभ्यास. अशा घरांत एखादं सदोष जनुक बापाकडून लेकाकडे उतरत असणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी तक्ता भरून घेतला. आजोबा कशाने गेले? तंबाखू? मीठ किती? कामाच्या रकान्यात तिघांपुढे एकच शब्द लिहिला: कामगार.

आई दारापर्यंत आली. "याचं नीट निघू दे, बाई. याच्यासाठी तीन वर्षं एक मुलगी थांबलीय. तिचा बाप म्हणतो, या घरात देऊन पोरीला विधवा करू का? चूक नाही त्याची. मीही दिली नसती."

तीन आठवड्यांनी निकाल आला. स्वच्छ. बाईंनी फोन केला.

"पुन्हा सांगा," आई म्हणाली.

बाईंनी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

संध्याकाळी धाकटा प्रयोगशाळेत हजर. ग्रीसचे हात घासून घासून लाल केलेले.

"हे कागदावर मिळेल का? शिक्का मारून?"

"काय, सासरेबुवांना दाखवायला?"

त्याचे कानही लाल झाले. "त्यांनाही दाखवीन."

बाईंनी लिहिलं, 'हृदयविकाराचा आनुवंशिक दोष आढळला नाही.' एकाऐवजी दोन शिक्के मारले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या हातून कुणाला तरी चांगला कागद गेला होता.

महिन्याभराने मधल्याच्या रक्ताचा निकाल आला. इस्पितळाने ते राखून ठेवलं होतं. तेही स्वच्छ. बाईंनी यंत्राला नावं ठेवली, पुन्हा तपासलं. मग वस्तीतल्या आणखी सहा घरांचे नमुने काढले. एकूणएक रक्त धुतल्यासारखं.

दोन दिवस त्या तक्ते उलटत बसल्या. सातही घरांपुढे तोच शब्द. तिसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातल्या एका निवृत्त मुकादमाला गाठलं.

"कुठल्या खात्यात होते ते तिघं?"

"सूत काढायच्या. रसायनाच्या हौदांपाशी. तिथली वाफ वाईट, बाई. पस्तिशी उलटली की जिना चढताना कठडा धरावा लागायचा. मी बदली करून घेतली, म्हणून आज बोलतोय तुमच्याशी."

"मग कुणी तक्रार केली नाही?"

"केली की. साहेब म्हणायचे, ते तुमच्या घराण्यातच आहे. मग तुम्ही सुया घेऊन आलात. तुम्हीही तेच म्हणालात."

बाई तिथूनच तडक त्या घरी गेल्या. आई ओट्यावर बसली होती. तिचे केस एवढे नीट विंचरलेले बाईंनी कधी पाहिले नव्हते.

"मावशी, ऐका. तुमच्या माणसांचं काळीज कच्चं नव्हतं."

"आता कोण म्हणेल तसं! लग्न ठरलं, बाई. पुढच्या महिन्यात."

"धाकटा कुठे आहे?"

"कामावर. तिचा बाप म्हणाला, रक्त चांगलं, पण नोकरी पक्की हवी. कारखान्याचे डॉक्टर आजवर या घरचा म्हणून घेत नव्हते. तुमचा कागद पाहिला आणि एका शब्दात घेतलं. दहा वर्षं सोडणार नाही, असं लिहून दिलंय त्याने. मधल्याची जागा रिकामीच होती, हौदांपाशी."