उघडे हात

खळीच्या डब्यात त्यानं उजवा हात मनगटापर्यंत बुडवला, बाहेर काढला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच. आता अकरा पस्तीसपर्यंत नळाकडे जायचं नाही.

"साबणराव, फडकं देऊ का?" शेजारी पुठ्ठे कापणाऱ्या सोबत्यानं विचारलं.

"नको. वाळू दे."

छापखान्यात या बाइंडरला पडलेलं हे नाव वीस वर्षं जुनं होतं. पूर्वी तो रबरी हातमोजे घालून पुस्तकं बांधायचा आणि तरीही दर पुस्तकामागे हात धुवायचा. "बाइंडिंग करतोस की ऑपरेशन?" मुकादम एकदा वैतागून म्हणाला होता. सगळे हसले. तोही हसला, आणि हात धुवायला उठला.

दीड वर्षापासून तो दर बुधवारी समुपदेशक बाईंकडे जात होता. त्या सांगत ते ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. घाण वाटेल, जीव कासावीस होईल, पण धुवायचं नाही. लाट चढते तशी उतरतेही. आधी दाराची कडी झाली, मग बसचा दांडा, मग चपलेचा तळ. आज खळ. पंचविसाव्या मिनिटाला छातीतली धडधड आपोआप ओसरली. अकरा पस्तीसला तो उठला आणि चारचौघं धुतात तसे त्यानं हात धुतले. एकदाच.

"एवढी मेहनत कोणासाठी?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"लेकीसाठी," तो म्हणाला होता. "माफी मागायचीय. पण अशा हातांनी कशी मागू?"

लेक लहान असताना तिचं दप्तर घराबाहेर राहायचं. शाळेतून आली की तो तिला नळाखाली उभी करायचा आणि कोपरापर्यंत घासायचा. "बाबा, चुरचुरतंय," ती रडायची. आई मध्ये पडली की तिलाही बोलणी बसायची. पुढे बायको वारली, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि घरात ज्याला दामटावं असं कोणी उरलं नाही, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले.

पाच महिन्यांपूर्वी त्याला नातू झाला. नातू अजून त्यानं प्रत्यक्ष पाहिला नव्हता.

"कधी येऊ गं?" तो फोनवर विचारायचा.

"इतक्यात नको, बाबा. बाळ नाजूक आहे अजून." मागे पाण्याचा आवाज यायचा. "नळ चालू राहिलाय, ठेवते."

निमित्त, दुसरं काय! फोटो मात्र यायचे. बाळ जावयाच्या खांद्यावर, बाळ जावयाच्या मांडीवर. काढणारी लेकच असणार. त्याला राग येत नसे. पेरलं तसं उगवलं, असं मनाशी म्हणून तो फोटो बोटांनी मोठा करून बघत बसायचा.

शनिवारी दुपारी जावयाचा फोन आला. "बाबा, उद्या याल?"

"तिनं बोलावलंय?"

"तिला ठाऊक आहे. तुम्ही या."

रविवारी तो बसनं निघाला. सबंध वाट त्यानं दांडा उघड्या हातानं धरला होता. बोलायचं वाक्य मनात घोळवत होता, आणि दर थांब्यावर ते विसरत होता.

दार जावयानंच उघडलं. उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली होती, वर नवा कोरा साबण. आतल्या खुर्चीवर धुतलेला सदरा आणि पायजमा घडी करून ठेवलेला. पोरीनं एवढं सोसलं, तरी बापाच्या एकेका खुळाची आठवण ठेवून सगळी तयारी केली होती!

"अहो जावईबापू, उचला हे सगळं," तो घाईनं म्हणाला. "आता मला काही लागत नाही. हे बघा, बसचा दांडा धरून आलोय!" त्यानं दोन्ही तळवे पुढे केले.

आतल्या खोलीच्या दारात लेक उभी होती. खूप वाळली होती. हात ओढणीखाली झाकलेले. तिच्या मागे पाळणा.

तो एक पाऊल पुढे गेला.

"तिथंच थांबा, बाबा!" ती किंचाळली.

तो थांबला. ठरवलेलं वाक्य आत्ताच बोलायला हवं होतं. "बाळा, मी तुझे फार हाल केले," तो म्हणाला. "मला माफ कर. पण मी आता बरा झालोय गं. बाईंना विचार, छापखान्यात विचार. आता माझी भीती नको बाळगूस. लांबूनच बघतो हवं तर. फक्त एकदा तुझ्या हातांनी त्याला उचलून दाखव."

लेक पाळण्याकडे वळली, दोन पावलं गेली आणि तिथंच उभी राहून हुंदके देऊ लागली.

जावयानं त्याच्या दंडाला धरलं.

"बाबा, ही तयारी तुमच्यासाठी नाही. मीसुद्धा रोज असाच आत येतो," तो अगदी हळू म्हणाला. "आणि पाच महिने झाले, तिनं बाळाला एकदाही उघड्या हातांनी घेतलेलं नाही."