मुखपृष्ठावरचा दादा

रंग ओला होता, म्हणून तिला कागद लपवता आला नाही.

दारात आई उभी होती. दवाखान्यातली तिची ड्युटी आज लवकर सुटली होती. चपला काढता काढता तिची नजर जेवणाच्या टेबलाकडे गेली आणि ती हसली.

"हे काय गं? बाबांना कशाला बसवलंस मासिकावर? आधीच मिजास कमी आहे का त्यांची?"

हातातला ब्रश मुलीने तसाच धरून ठेवला.

कॉलेजातल्या सरांनी काम दिलं होतं ते असं : एक नट कल्पायचा. त्याच्या पहिल्या सिनेमाचं पोस्टर करायचं आणि वीस वर्षांनी त्याच नटावर निघालेल्या सिने-मासिकाचं मुखपृष्ठ. अक्षरं बदलायला हवीत, रंगांची तऱ्हा बदलायला हवी, पण माणूस तोच आहे हे बघणाऱ्याला कळायला हवं. तिने दोन-तीन चेहरे मनाने रचून पाहिले. सगळे साबणाच्या जाहिरातीतले निघाले. सरांनी ते बाजूला सारले. "हे कुणाचेच मुलगे वाटत नाहीत," ते म्हणाले. "खरा माणूस घे."

म्हणून तिने दादा घेतला.

आईला आता भिंतीला टेकवलेलं पोस्टर दिसलं. टेकडीवरून घरंगळत यावीत तशी तिरपी अक्षरं, 'उतारावरचं घर', आणि त्यांच्या वर मान वळवून मागे बघणारा तिचा मुलगा. तेविसाव्या वर्षी गेला तेव्हा होता तसाच. कॉलर नेहमीसारखी एका बाजूने दुमडलेली.

साध्या तापाचं निमित्त झालं होतं. आई जिथे दुसऱ्यांच्या मुलांना बरं करून घरी पाठवायची, त्याच दवाखान्यात तो गेला. त्यानंतर घरात त्याचा विषय निघाला नाही. कुणी मनाई केली नव्हती. आईने एक दिवस त्याचे फोटो उतरवून कपाटात पांघरुणांखाली ठेवले, बाबांनी भिंतीतले खिळे उपटून टाकले, आणि धाकटी तेव्हा शाळेत होती तरी काय ते समजली.

"फोटो कपाटातून काढलास?"

"हो."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

आई टेबलापाशी आली.

"आई, मी दुसरं काहीतरी करते. उद्या द्यायचंय, पण करते. हे ठेवून देते."

आई खुर्ची ओढून बसली. मासिकाच्या ठसठशीत नावाखालून त्रेचाळीस वर्षांचा एक माणूस तिच्याकडे बघत होता. कपाळावर आडव्या रेघा, कानशिलांवर पांढुरकी छटा, हनुवटीखाली जराशी सैल झालेली कातडी. आईचं बोट त्या चेहऱ्यावरून, ओल्या रंगाला न शिवता, हवेतच फिरलं.

"केस एवढे राहिले नसते," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या घराण्यात चाळिशीनंतर कुणाचे टिकलेत? पुढून मागे सरकव."

मुलीने ब्रश धुतला आणि कपाळ वर नेलं.

तेवढ्यात बाबा आले. अंगावर बस-ड्रायव्हरचा खाकी शर्ट. त्यांना पोस्टर आधी दिसलं आणि ते उंबऱ्यातच थांबले. तोंडावरचा घाम पुसायला काढलेला रुमाल हातातच राहिला.

"कुणी काढलं हे बाहेर?"

त्यांचा आवाज ऐकून मुलगी उठायला लागली. आईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तिच्या कॉलेजचं काम आहे. इकडे या. केस बरोबर झालेत का बघा."

बाबा यायला तयार नव्हते. मग आले. टेबलाशी उभे राहून त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं.

"टक्कल पाडलंस माझ्या पोराला?"

"मी कुठे? तुमच्या घराण्याने पाडलं," आई म्हणाली.

"माझे पंचेचाळिशीपर्यंत शाबूत होते!"

"होते! लग्नातल्या फोटोतच विरळ दिसतायत. आणि चष्मा लागला असता त्याला. सारखं अंधारात वाचायचा."

"काही लागला नसता. डोळे तुझ्यावर गेलेत त्याचे. चष्मा कशाला लागतोय त्याला?"

"लागतो. वाचताना तरी लागतोच. आणि एवढा वाळलेला नाहीये तो, गाल भर जरा."

"भर कशाला? पहिल्यापासून खाण्याचे नखरे आहेत त्याचे."

'असता', 'नसता' केव्हा गळून पडलं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मुलीच्या आलं. इतकी वर्षं हे दोघं पंख्यावरून भांडले होते, दारं आपटण्यावरून भांडले होते, त्याच्यावरून कधी नाही. ती ब्रश हातात धरून बसून राहिली. त्यांनी थांबू नये असं तिला वाटत होतं.

पण ते थांबले. आईने पदर तोंडाशी नेला. बाबा खिडकीकडे बघू लागले.

मुलीला काहीतरी बोलणं भाग होतं.

"बाबा, ओठ राहिलेत अजून. गंभीर ठेवू की हसरा?"

बाबांनी वळून त्या चेहऱ्याकडे पाहिलं. टक्कल, सुरकुत्या, पांढरे केस, सगळं निरखून पाहिलं.

"हसरा," ते म्हणाले. "एवढी वर्षं मिळाल्यावर हसेल नाही तर काय करेल?"